टॅब कुणाचा?

मंडळी, आमच्या शहापूरची ओळख काय? मुंबईला पाणी देणारी धरणं, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर येणारे टँकर! पण राज्यभर नाव झालं ते पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं. संदीप गुंड गुरुजींनी गावाला सोबत घेऊन ती डिजिटल केली, मुलांच्या हाती टॅब आले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाल्यावर लोकवर्गणीतून अशा शाळा गावोगाव उभ्या राहिल्या.

त्याही आधी, २००७ मध्ये, मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' ही योजना आली होती. तिचं म्हणणं साधं... यंत्र मुलाचं, त्याने घरी न्यावं.

यातला फरक मला मार्च २०२० नंतर उमगला. शाळांना कुलूप लागलं आणि धडे मोबाईलवर आले. पाड्यावरच्या घरात मोबाईल असला तर एकच, तोही बाबांबरोबर कामाला जाणार! शाळेतलं यंत्र शाळेपुरतंच राहिलं.

असो. कुठली शाळा डिजिटल झाल्याचं कळलं की मी आता 'टॅब किती?' असं विचारत नाही. शाळा सुटल्यावर ते कुणाकडे असतात, हे विचारतो.