उसनवारीच्या ओळी

काशिनाथ बापूजी पाठकांनी १८९४ साली पुण्यात मेघदूताची आवृत्ती काढली, तेव्हा कालिदासाचे मूळ श्लोक कोणते आणि मागाहून घुसडलेले कोणते, हे ठरवायला त्यांनी दुसऱ्याच एका कवीचं काव्य साक्षीला घेतलं. तो कवी म्हणजे नवव्या शतकातला जैन आचार्य जिनसेन, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला. त्याच्या ‘पार्श्वाभ्युदया’त ३६४ श्लोक आहेत. प्रत्येक श्लोकात मेघदूताचा एखादा किंवा दोन चरण जसेच्या तसे, बाकीचे जिनसेनाचे. असं करत करत त्याने अख्खं मेघदूत वापरून संपवलं. मल्लिनाथाची टीका कितीतरी पुढची. त्यामुळे ज्याने ओळी उचलल्या, त्याच्याच घरी मूळ मालाची सगळ्यात जुनी यादी सापडली.

उचलून त्याने केलं काय, ते बघण्यासारखं आहे. कालिदासाचा यक्ष बायकोच्या विरहाने झुरतो. जिनसेनाने तेच चरण, त्याच मंदाक्रांतेत, ध्यानस्थ पार्श्वनाथांना डिवचायला आलेल्या पूर्वजन्मीच्या वैऱ्याच्या गोष्टीत बसवले. शृंगाराची ओळ वैराग्याच्या कामाला जुंपली, तीही एक अक्षर न बदलता. शेवटी तो कालिदासाचं नाव घेतो, त्याच्या काव्याला गुणी आणि निर्दोष म्हणतो, आणि लगेच आपल्या काव्यापुढे ते फिकं पडलं असंही सुचवतो. ऋण मान्य करण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

पुढच्या एका टीकाकाराने यावर दंतकथा रचली. म्हणे कालिदास अमोघवर्षाच्या दरबारात आला आणि मेघदूत म्हणून दाखवून ताठ्याने बसला. जिनसेन एकपाठी. तो म्हणाला, हे तर जुन्या काव्यातून चोरलेलं. पुरावा मागितल्यावर त्याने आठ दिवसांत पार्श्वाभ्युदय लिहून ‘जुनं काव्य’ म्हणून पुढे केलं. दोघांच्या काळात काही शतकांचं अंतर आहे, तेव्हा गोष्ट खोटीच. पण दुसऱ्याच्या ओळींवर काव्य रचणाऱ्याकडे लोक पहिल्यापासून कोणत्या नजरेने बघत, ते तिच्यातून कळतं.

जिनसेनाच्या साडेचारशे वर्षं आधी रोमन जगात हेच चाललं होतं. तिथे कच्चा माल व्हर्जिल. प्रोबा नावाच्या बाईने चौथ्या शतकात त्याच्या ओळींचे तुकडे जोडून बायबलची कथा ६९४ ओळींत सांगितली. त्याच शतकात सम्राट व्हॅलेंटिनियनच्या फर्माइशीवरून ऑसोनियसने व्हर्जिलच्याच तुकड्यांतून लग्नाचं काव्य रचलं. त्याचा शेवट इतका चावट की बिचारा व्हर्जिल शरमला असता. ऑसोनियसने मित्राला लिहिलेल्या पत्रात खेळाचे नियमही घालून दिले आहेत: अर्धी ओळ इथली, अर्धी तिथली घ्यावी, लागोपाठ दोन ओळी उचलणं बावळटपणाचं, आणि तीन म्हणजे निव्वळ पोरखेळ.

आपल्याकडे ओळ द्यायची रीत वेगळी होती. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत काव्यसमस्यापूरण आहे. समस्या देणारा मुद्दाम अशक्य चरण देतो आणि पुरवणाऱ्याने उरलेले तीन रचून तो शहाणा करून दाखवायचा. कालिदासाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका समस्येत तर शब्दही नाहीत, नुसता ठणठणाट आहे. कालिदासाने त्यात पायऱ्यांवरून घरंगळणारा घडा ऐकला. इथे ओळ देणारा दाता कमी आणि परीक्षक जास्त.

जात्यावर बसलेल्या बाया परीक्षा घेत नसत आणि हिशेबही ठेवत नसत. ओवीची पहिली ओळ गावोगाव सामाईक, दुसरी आपल्या भावाची, सासूची, लेकीची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. त्यांत एकच सुरुवात किती घरांत जाऊन किती वेगळी संपते, ते वाचत बसावं.

ओळ देणाऱ्याला मान मिळाला तो मुशायऱ्यात. तरही मुशायऱ्यात आधी एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, जाहीर व्हायचा. वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकापुढे येणारे तेच शब्द), सगळं त्यावरून ठरलेलं. १८७४ साली लाहोरात मुहम्मद हुसेन आझादांनी मिसऱ्याऐवजी विषय द्यायची टूम काढली, पण तरहीची खोड काही गेली नाही. मराठी गझलेतही ती आली, आणि शिष्टाचारासकट आली: घेतलेली ओळ अवतरणात, मूळ कवीचं नाव सोबत. दिलेल्या मिसऱ्याला आपला मिसरा जोडून शेर पुरा करायचा, त्याला गिरह, म्हणजे गाठ, बांधणं म्हणतात. माझ्या मते सगळी करामत त्या गाठीत आहे.

समजा कुणी ओळ दिली: ‘दारी आले कोण, परतले’. सोळा मात्रा, आठ-आठ. एकजण लिहील:

उशीर केला दार उघडण्या,
दारी आले कोण, परतले.

झाला विरह. दुसरा लिहील:

खोके पडले पायरीवरी,
दारी आले कोण, परतले.

आता तो कुरियरवाला. ओळीला कुणी हात लावलेला नाही. वरची बदलली आणि खालची माणसं बदलली. ओळ दुरुस्त करून घेतली की ही मौज गेलीच.

न विचारता ओळी घेणाऱ्यांचे आपले मेरुमणी अर्थात आचार्य अत्रे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. कवी चहा घेत एकमेकांना कविता ऐकवत होते, आणि दोनच वर्षांत, १९२५ साली, अत्र्यांची, म्हणजे केशवकुमारांची, ‘झेंडूची फुले’ आली. विडंबनात दाता राजी नसतो, पण त्याची ओळ वाचकाला पाठ असावी लागते. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं विडंबन करून हसणार कोण? नाराज झालेल्या कवींना हे तेव्हा पटवून द्यायला हवं होतं.

आमच्या इथे डब्लिनमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या नव्हे, कॅलिफोर्नियातल्या, चार-सहा मराठी घरांत सध्या हा खेळ चालतो तो राजीखुशीचा. प्रत्येकाने एक ओळ टाकायची आणि हव्या त्याने त्या जोडून कविता करायची. पुण्याचे दोन-तीन मित्रही टाकतात. उन्हाळ्यात पुणं आमच्या साडेबारा तास पुढे, त्यामुळे आमची रात्रीची ओळ त्यांच्या सकाळच्या चहाला पोचते. लोक देतात ती आपली रद्द ओळ, अर्धवट कवितेत न बसलेली. चांगली ओळ कुणी सोडत नाही, आणि तेच बरं आहे. फार देखणी ओळ आली की शेजारच्या ओळी तिच्याकडे बघत उभ्या राहतात. इथे वाढलेल्या एका मुलीने ‘दूध संपलंय, येताना आण’ ही आईचा निरोप म्हणून आलेली ओळ दिली. ती मात्रांत बसेना, पण चौघांनी चार कविता केल्या आणि एकीत दूध आणायला गेलेला माणूस थेट अमेरिकेत पोचला.

भांडण होतं ते श्रेयावरून. स्मरणिकेसाठी अशी एक कविता द्यायची ठरली, तेव्हा वर नाव कुणाचं घालायचं यावर एकमत होईना. जोडणाऱ्याचं म्हणावं, तर त्याची स्वतःची ओळ एकच. सगळ्यांची म्हणावी, तर नावांची यादी कवितेहून लांब. दूधवाल्या ओळीखाली आईचंही नाव हवं, असं मुलीचं म्हणणं. आईने मात्र नाव द्यायला साफ नकार दिलाय.