कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ: इतिहास आणि परिसर

पीएचडी करायची ठरलं की आपण आधी गाईड शोधतो, मग विषय. विद्यापीठाचा इतिहास कोण वाचतो? पण विद्यापीठ कुठे आणि कशासाठी उभं राहिलं हे कळलं, की तिथे कोणतं काम चांगलं होतं याचाही अंदाज येतो. कोल्हापूरचंच उदाहरण घ्या.

इथे राजाराम कॉलेज १८८० पासून आहे. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यातली पोरं कॉलेजपर्यंत पोचू लागली, पण विद्यापीठ मात्र आधी मुंबईचं आणि १९४९ नंतर पुण्याचं. अखेर १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. तेव्हा संलग्न कॉलेजं होती ३४ आणि विद्यार्थी सुमारे १४ हजार. आज ८५३ एकरांचा हा परिसर कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचं केंद्र आहे. सोलापूरला २००४ मध्ये वेगळं विद्यापीठ मिळालं.

आता नकाशा उघडा. पश्चिमेला धो धो पावसाचा सह्याद्री आणि जांभ्याची पठारं, मध्ये उसाचा पट्टा, पूर्वेला जत, आटपाडी, माणसारखे दुष्काळी तालुके. एवढी विविधता एका दिवसाच्या प्रवासात! इथल्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियावर, वर्षानुवर्षं काम केलं, ते उगाच नाही. अभ्यासाचं साहित्य दाराशीच आहे.

पदार्थविज्ञानाचं कारण निराळं. पातळ थर, म्हणजे थिन फिल्म, बनवायला महागडी निर्वात यंत्रणा लागते असं आपल्याला वाटतं. पण काचपट्टी रासायनिक द्रावणात ठेवूनही थर जमवता येतो. अशा कमी खर्चाच्या पद्धतींवर इथल्या प्रयोगशाळांनी चिकाटीने काम केलं आणि त्यातूनच विभागाची ओळख झाली.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्या विद्यापीठाच्या आसपास असं काय आहे, जे दुसरीकडे सहज मिळणार नाही? आणि हाताशी असलेल्या साधनांत कोणता प्रश्न नीट सुटेल? मोठ्या शहरातला विषय उसना आणण्यापेक्षा ही उत्तरं तुम्हाला जास्त पुढे नेतील.