पाइपलाइनीतलं काँक्रीट

'पाइपलाइन' हा शब्द आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसातून दहा वेळा वापरतो. बिल्डची पाइपलाइन, डेटाची पाइपलाइन, सेल्सवाल्यांची तर कायम भरलेलीच असते :). पण जिच्यात खरोखर काहीतरी तुंबतं आणि वेळेत मोकळं केलं नाही तर आतल्या आत त्याचा दगड होतो, अशी पाइपलाइन बघायची असेल तर स्लॅबच्या दिवशी कुठल्याही बांधकामावर जावं.

गेल्या महिन्यात घर बांधणाऱ्या एका मित्राने विचारलं, "स्लॅबला बूम पंप घेऊ की लाइन पंप?" समोर दोन कोटेशनं, दोन्हींत मीटर, बार आणि ताशी घनमीटर असे आकडे. मी काही सिव्हिलवाला नाही. पण या यंत्राच्या इतिहासाचा नाद मला बरीच वर्षं आहे, आणि माझं मत असं की तो माहीत असला तर कुठला आकडा बघायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे बऱ्यापैकी कळतं. फोनवर एवढं सगळं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून इथे.

सुरुवात पंपाने नाही, पाण्याने करू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काँक्रीट वर चढवायचं म्हणजे टोपल्या, ढकलगाड्या आणि दोराने ओढलेल्या बादल्या. अमेरिकेत १९१०च्या दशकात एक नवी टूम निघाली: उंच मनोरा उभारायचा, काँक्रीट त्याच्या टोकावर न्यायचं आणि तिथून लांबलचक पन्हाळ्यांतून हव्या त्या जागी सोडायचं. झकास कल्पना, फक्त काँक्रीट पन्हाळ्यातून वाहिलं पाहिजे. मग ते वाहावं म्हणून त्यात पाणी. अजून वाहावं म्हणून अजून पाणी. १९१८ साली शिकागोत डफ एब्रम्स यांनी असंख्य नमुने फोडून दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. जितकं जास्त पाणी, तितकं लेचंपेचं काँक्रीट. म्हणजे पंप जन्मायच्या आधीच त्याच्यापुढचा खरा पेच कागदावर मांडून झाला होता: जे सहज वाहतं ते कमजोर, आणि जे मजबूत ते जागचं हलत नाही.

१९२७ साली जर्मनीत माक्स गीझे आणि फ्रिट्झ हेल या दोन इंजिनिअरांनी काँक्रीट पंपाने ढकलून दाखवलं. ३८ मीटर उंच, १२० मीटर लांब. आजच्या हिशेबाने हे आकडे किरकोळ वाटतात, पण पाण्याचा पंप आणि काँक्रीटचा पंप यांत फरक काय ते लक्षात घ्या. पाण्याच्या पंपात झडप बंद होते तेव्हा मध्ये काही अडकत नाही. काँक्रीटमध्ये मात्र खडी असते. झडप मिटताना एखादा दगड मध्ये आला की ती पूर्ण मिटत नाही आणि दाब मागे पळतो. वर वाळू आणि खडी दर फेरीला लोखंड घासत असतातच. त्यामुळे या यंत्राचा बराचसा इतिहास म्हणजे झडपेचा इतिहास आहे. १९३२मध्ये कोइमन या डच इंजिनिअरने आडवा सिलिंडर आणि यांत्रिक झडपा असलेला बऱ्यापैकी भरवशाचा पंप केला. त्याच दशकात अमेरिकेत मिलवॉकीच्या चेन बेल्ट कंपनीने 'पंपक्रीट' नावाने असे पंप विकायला काढले.

हे पंप क्रँकवर चालायचे. म्हणजे दट्ट्या दर फेरीला ठरलेलं अंतर जाणारच, पुढे वाट मोकळी असो वा तुंबलेली. तुंबली की एकतर पाइप फुटायचा, नाहीतर यंत्रातलं काहीतरी मोडायचं. पंप होते, पण धरणं आणि बोगद्यांसारख्या मोठ्या कामांवर, जाड पाइप आणि कसलेले मेकॅनिक घेऊन. साध्या इमारतीला ते परवडणारं प्रकरण नव्हतं.

कोंडी फुटली १९५७मध्ये. जर्मनीतल्या श्विंग कंपनीने दोन सिलिंडरांचा, पूर्णपणे हायड्रॉलिक पंप आणला. एक सिलिंडर हॉपरमधून काँक्रीट ओढतो तेव्हा दुसरा ते पाइपात ढकलतो, मग अदलाबदल. दट्ट्याला क्रँक नाही, तेलाचा दाब आहे. दाब मर्यादेबाहेर गेला तर तेलाला दुसरी वाट मिळते, काही मोडत नाही. शिवाय पंप उलटा चालवता येतो. तुंबल्यासारखं वाटलं की दोन-तीन फेऱ्या मागे, मग परत पुढे. हे 'मागे' जाणं मला या सगळ्यातला सर्वांत मोठा शोध वाटतो. (आमच्याकडे रोलबॅक नसलेली सिस्टिम शुक्रवारी संध्याकाळी कोणी हात लावून चालवेल का?)

पुढच्याच वर्षी, १९५८मध्ये, कार्ल श्लेश्ट यांनी गिलाव्याचा माल ढकलणारी यंत्रं बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे पुट्झमाइस्टर ही कंपनी उभी राहिली. नावाचा अर्थ सरळ आहे, गिलाव्यातला उस्ताद. १९६०च्या दशकात पंप ट्रकवर चढला आणि त्याला घड्या घालता येणारा हात मिळाला, तोच बूम. नंतर हॉपरमध्ये इंग्रजी 'एस'च्या आकाराची, डावी-उजवीकडे झुलणारी नळी आली. ती या सिलिंडरसमोरून त्या सिलिंडरसमोर सरकते, आणि मिटणाऱ्या झडपेत दगड अडकण्याचं जुनं दुखणं बरंच कमी होतं.

यंत्र सुटलं. एब्रम्सचा पेच मात्र तसाच होता.

काँक्रीट पाइपातून पाण्यासारखं वाहत नाही. ते एका सलग लोळ्यासारखं सरकतं, आणि पाइपच्या भिंतीलगत सिमेंट-पाण्याचा पातळ थर वंगणाचं काम करतो. म्हणून काम सुरू करताना आधी नुसती सिमेंटची पातळ स्लरी पाइपातून सोडतात. आता या लोळ्यात कोणी वरून पाणी घातलं तर काय होतं? दाबाखाली ते जास्तीचं पाणी पुढे निसटतं, मागे खडी उरते, खडीत खडी अडकते आणि पाइप बंद. म्हणजे 'माल पुढे जात नाही, थोडं पाणी मारा' हा साइटवरचा लाडका उपाय ताकद तर घालवतोच, पण कित्येकदा तुंबणंही वाढवतो. हिशेब करून बघा: घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि ०.४५ गुणोत्तर म्हणजे साधारण १५८ लिटर पाणी. त्यात घनमीटरमागे फक्त २० लिटर वाढवा, गुणोत्तर ०.५१ होतं. विकत घेतलेल्या ग्रेडचं काँक्रीट स्लॅबमध्ये पडतच नाही. वरून बघणाऱ्याला काहीही दिसत नाही, उलट पृष्ठभाग गुळगुळीत येतो म्हणून सगळे खूश!

या पेचातून सोडवलं ते रसायनवाल्यांनी. १९६०च्या दशकात जपान आणि जर्मनीत सुपरप्लास्टिसायझर आले, म्हणजे पाणी न वाढवता सिमेंटचे कण एकमेकांपासून सुटे ठेवणारी द्रव्यं. काँक्रीट पातळ वागतं, पण ताकदीला घट्टच राहतं. बूम पंपाचे फोटो सगळे काढतात, या ड्रमांचे कोणी काढत नाही. असो.

आता कोटेशन. 'बार' हा आकडा आधी बाजूला ठेवा. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलोच्या आसपास, म्हणजे दर १० मीटर उंचीला सुमारे २.४ बार दाब लागतो. तीन मजली घराला ३ बारच्या आत. लाइनमधलं घर्षण आणि कोपरे धरूनही साध्या लाइन पंपाची ताकद याच्या कितीतरी पट असते. बूमचा आकडाही नीट वाचावा. '३६ मीटर बूम' ही उभी पोच झाली, आडवी त्याहून चारेक मीटर कमी, आणि तीही ट्रकच्या मधल्या खांबापासून मोजलेली. ट्रकला पाय पसरायला सहा मीटरच्या आसपास रुंद आणि कडक जमीन लागते, भरावाची नाही. वरून विजेच्या तारा जात असतील तर बूमचा विषय तिथेच संपवावा, ऑपरेटर कितीही "होऊन जाईल साहेब" म्हणाला तरी. जुन्या पेठेतल्या बोळात लाइन पंपच बरा. पाइप जोडायला-काढायला वेळ आणि माणसं लागतात, पण तो कुठेही पोचतो. मोकळ्या प्लॉटवर मात्र बूमने दिवस लवकर संपतो. कोपरे जितके कमी तितकं चांगलं, आणि खडीचा मोठ्यात मोठा दगड पाइपच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान हवा. १२५ मिलिमीटरच्या नेहमीच्या लाइनला २० मिलिमीटरची खडी बिनधास्त चालते.

सर्वांत फसवा आकडा 'ताशी घनमीटर'. समजा, पंप ताशी ६० म्हणतो. एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये ६ घनमीटर, आणि तो लावून, रिकामा करून हलवायला १२ मिनिटं. झाले तुमचे ताशी ३०, पंप कुठलाही आणा. प्लँटवरून येऊन-जाऊन, भरून-रिकामा होऊन एका गाडीची फेरी दोन तासांची असेल तर दर १२ मिनिटांना एक गाडी मिळायला दहा गाड्या फिरत्या हव्यात. (लिटल्स लॉ. इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं कधीतरी उपयोगी पडतं.) गाड्या पाचच असतील तर पंप निम्मा वेळ नुसता उभा, पाइपातलं काँक्रीट उन्हात घट्ट होतंय, पुढची गाडी सिग्नलला. आणि नेमका हाच तो क्षण, जेव्हा कोणीतरी पाण्याचा पाइप उचलतो. रेडीमिक्सच्या भारतीय मानकानुसार, आयएस ४९२६नुसार, साधारणपणे भरल्यापासून दोन तासांत माल पोचायला हवा. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न 'पंप कुठला' हा नाहीच. 'गाड्या किती, प्लँट किती लांब, आणि माल घट्ट आला तर त्यात काय घालणार' हा आहे. शेवटच्याचं उत्तर 'प्लँटच्या माणसाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत ॲडमिक्श्चर' असं आलं तर त्या सप्लायरला काम द्यावं. भाड्याचा हिशेब कधी घनमीटरवर किमान मात्रा ठरवून असतो, कधी दिवसावर. थांबून राहिलेल्या वेळेचे पैसे कोणाच्या माथी, हे आधी लिहून घ्यावं.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. रेडीमिक्स काँक्रीट पुण्या-मुंबईत रुळायला १९९०चं दशक उजाडलं. श्विंग स्टेटरने १९९८मध्ये चेन्नईत कंपनी काढली. पुट्झमाइस्टरचा भारतातला कारखाना गोव्यात वेर्ण्याला, आणि चीनच्या सानीचा पुण्याजवळ चाकणला. २०१२ साली सानीने पुट्झमाइस्टरच विकत घेतली, म्हणजे जुने प्रतिस्पर्धी आता एकाच घरचे. श्विंगमध्येही त्याच वर्षी चीनच्या एक्ससीएमजीने मोठा हिस्सा घेतला.

त्याआधी काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: मिलरची घरघर, फळ्यांचा उतार, आणि खालपासून वरपर्यंत घमेली सरकवणारी बायका-पुरुषांची साखळी. लहान कामांवर ती अजूनही दिसते. ६० घनमीटरचा स्लॅब म्हणजे १४४ टन. घमेल्यात १५ किलो धरलं तर ९,६०० घमेली, एका दिवसात, डोक्यावरून. त्या साखळीबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा असं मला वाटतं. पण हेही खरं की पंप आला तेव्हा बायकांची मजुरी आधी गेली. पाइप धरणारे, व्हायब्रेटर चालवणारे, ऑपरेटर हे बहुतेक सगळे पुरुषच असतात.

विक्रमांचं म्हणाल तर बुर्ज खलिफावर २००८मध्ये काँक्रीट एका दमात ६०६ मीटरवर गेलं. नुसत्या उंचीचाच दाब १४५ बार. जसजसं वर जायचं तसतशी खडी बारीक करत नेली होती, आणि उन्हाळ्यात मालात बर्फ घालून रात्री काम चालायचं. म्हणजे तिथेही अर्धी लढाई मिक्सचीच. पुढच्याच वर्षी, २००९मध्ये, हिमाचलमधल्या पार्बती जलविद्युत प्रकल्पावर त्याच मॉडेलच्या पंपाने ७१५ मीटर गाठले. दुबईच्या मनोऱ्याचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. आपल्या डोंगरातल्या त्या कामाची बातमी किती मराठी वाचकांनी वाचली असेल, देव जाणे.

आणि एक, जे कोटेशनमध्ये हमखास राहून जातं. १२५ मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला सव्वाबारा लिटर काँक्रीट बसतं. ६० मीटर लाइन म्हणजे जवळजवळ पाऊण घनमीटर, जे स्लॅब संपल्यावरही पाइपातच असतं. ते ऑर्डरमध्ये धरा, आणि कुठे रिकामं करायचं ती जागा सकाळीच दाखवून ठेवा, नाहीतर ते शेजाऱ्याच्या गटारात जाणार. पाइप साफ करायला आत स्पंजचा बॉल घालून मागून ढकलतात. शक्यतो पाण्याने ढकलायला सांगा. हवेने ढकलणार असतील तर पाइपच्या तोंडासमोरून सगळ्यांना बाजूला करा, कारण शेवटचं काँक्रीट सुटलं की मागची दाबलेली हवा तो बॉल गोळीसारखा बाहेर फेकते.