तुरुंग की उपचार? मद्यपी वाहनचालक आणि अमेरिकेचा धडा

१/ दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्याला शिक्षा करावी, की त्याच्या व्यसनावर उपचार करावेत? १९७० च्या दशकात अमेरिकेने हा प्रश्न प्रत्यक्ष रस्त्यावर तपासून पाहिला.

२/ त्याआधी, १९६२ साली ‘रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने केवळ व्यसनी असणे हा गुन्हा ठरवता येणार नाही, असा निर्णय दिला. मात्र १९६८ च्या ‘पॉवेल विरुद्ध टेक्सास’ खटल्यात सार्वजनिक ठिकाणी नशेत आढळल्याबद्दलची शिक्षा न्यायालयाने कायम ठेवली. व्यसनाकडे आजार म्हणून पाहिले जाऊ लागले, तरी कृतीची जबाबदारी माणसावरच राहिली.

३/ १९७० च्या दशकाच्या आरंभी संघराज्य सरकारने ३५ ठिकाणी प्रकल्प उभारून पोलीस, न्यायालये आणि उपचार केंद्रे एका साखळीत जोडली. पकडलेला चालक एखाद्या वेळी पिणारा आहे की व्यसनाधीन, हे तपासून त्याची पुढील रवानगी ठरे.

४/ कॅलिफोर्नियाने आणखी एक पाऊल टाकले. पुन्हा पकडल्या गेलेल्या चालकाने दीर्घ उपचार स्वीकारले, तर त्याचा परवाना निलंबनातून वाचे. हेतू मानवीय होता. निष्कर्ष मात्र कटू निघाले. परवाना राखून उपचार घेणाऱ्यांचे पुढील अपघात, परवाना गमावलेल्यांपेक्षा अधिक होते.

५/ कारण साधे होते. व्यसन सुटण्यास काळ लागतो आणि त्या काळात गाडीची किल्ली चालकाच्याच हाती राहते. परवाना गमावलेल्यांपैकी अनेकजण चोरून गाडी चालवत, पण कमी आणि जपून.

६/ मग उपचार निरुपयोगी ठरले काय? नाही. १९८० नंतर अपघातग्रस्तांच्या मातांनी उभारलेल्या चळवळीमुळे कायदे कठोर झाले. तरीही १९९५ साली २१५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात उपचार व प्रबोधनामुळे पुनरावृत्ती सुमारे ७ ते ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उपचार, समुपदेशन आणि देखरेख यांची सांगड घातलेले कार्यक्रम अधिक प्रभावी ठरले.

७/ त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील डोन्या आना परगण्यात मद्यपी चालकांसाठी विशेष न्यायालय सुरू झाले. तेथे न्यायाधीश उपचारांवर स्वतः लक्ष ठेवतो, चालकाची नियमित मद्यचाचणी होते आणि नियम मोडल्यास शिक्षा टळत नाही.

८/ उपचार त्या चालकासाठी आवश्यक होते. परवान्याचे निलंबन समोरून येणाऱ्या अनोळखी प्रवाशासाठी. एकाच्या बदल्यात दुसरे देऊ पाहणे, हीच त्या काळाची चूक होती.