मनाची शिरगणती

मागच्या पावसाळ्यात पुसदजवळच्या आमच्या गावी एक मुलगी कागद घेऊन आईपाशी येऊन बसली. आई नव्वदीच्या घरात आहे. मुलगी शिकलेली, बोलायला नम्र. कागदावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, झोप लागते का, भूक लागते का. आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण.

“आजी, उदास वाटते का?”

“उदास म्हंजे काय वं माय?”

मुलीने समजावून सांगितले. आई म्हणाली, “तसं नाई. जिवाले घोर हाये.” घोराला कागदावर रकाना नव्हता. मुलीने शून्य मांडले. पुढे भुकेचा प्रश्न आला. “भूक लागत नाई असं कधी झालं नाई, पोरी. खायाले नव्हतं असं लय वेळा झालं.” तेथेही शून्य. बेरीज चार भरली आणि आई निरोगी ठरली.

मी आयुष्यभर मास्तरकी केली. पेपर कोण काढतो यावर कोण नापास होणार हे बरेचसे ठरते, हे मला ठाऊक आहे. हा नऊ प्रश्नांचा तक्ता १९९९च्या सुमारास अमेरिकेत तयार झाला. तो खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. पण मन मोजणाऱ्या कागदांना इतिहास असतो, आणि तो आमच्यासारख्यांनी तपासला पाहिजे.

अमेरिकेच्या १८४०च्या जनगणनेत वेड्यांची मोजदाद झाली. उत्तरेतील स्वतंत्र काळ्या लोकांत वेडाचे प्रमाण फार, असे आकडे निघाले. काही गावांत तर काळ्या रहिवाशांपेक्षा काळ्या वेड्यांची संख्या जास्त नोंदली होती! एडवर्ड जार्विस या डॉक्टराने ही लबाडी उघडी पाडली. तरीही १८४४ साली कॅल्हूनने गुलामगिरीच्या समर्थनासाठी तेच आकडे वापरले. १८५१ साली लुइझियानाच्या डॉक्टर कार्टराइटने गुलामाने पळून जाणे हाच एक मानसिक रोग ठरवला. मालकाच्या मनाचे मोजमाप मात्र कोणी केले नाही.

आपल्याकडेही १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतीत आंधळे, मुके-बहिरे, महारोगी आणि वेडे असे रकाने होते. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. वऱ्हाडातल्या गावागावांत ही मोजणी झाली. सरकारला वेडा हवा होता तो नोंदीपुरता. गावकुसाबाहेर राहून, येसकरकी करून, अंगणात दुरून टाकलेली भाकर झेलून मनाचे काय होते, याला रकाना नव्हता. कारण ते दुःख रोग नव्हते. ती व्यवस्था होती. जात ही माणसाच्या मनात घर करून बसलेली अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र ती गोष्ट फारशी मनावर घेतली नाही.

फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिकचा काळा मनोविकारतज्ज्ञ १९५३ ते १९५६ या काळात अल्जीरियातील ब्लिदाच्या इस्पितळात होता. मुसलमान बायकांना चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट सांगायला लावण्याची चाचणी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने घेतली. बायका गोष्ट सांगू शकल्या नाहीत. बायका मंद आहेत असा निष्कर्ष फॅननने काढला नाही. चित्रांतले जग त्यांचे नाही, हे त्याने १९५६ साली मांडले. दोष पेपरात होता.

त्याच १९५६च्या १४ ऑक्टोबरला माझे वडील नागपूरला गेले आणि परत आल्यावर आमच्या घरातले देव पूस नदीत गेले. त्यापूर्वी आजीच्या अंगात मरीआई येत असे. आई सांगते, अंगात आले की सासू नवऱ्यालाही नावाने हाक मारी, वर्षभर गिळलेले सगळे बोलून टाकी, आणि सारे घर तिच्या पाया पडे. बेबी कांबळे यांनीही ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढातल्या अशा बायकांचे दर्शन घडवले आहे. डॉक्टर याला विकार म्हणेल, भगत देवी म्हणेल. मी म्हणतो, ज्या बाईला बोलायची जागा नव्हती तिने ती अशी मिळवली.

मला मरीआई परत नको. बावीस प्रतिज्ञांनी आमच्या बायकांना भगताच्या हातून सोडवले. पण येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे: आजीचे ते बोलणे पुढे कोठे गेले? काही पौर्णिमेच्या वंदनेत गेले, काही भीमगीतांत, काही आमच्या साहित्यात. आई विहारात बायकांत बसली की तिचा घोर उतरतो. कागद तिला एकटीला गाठून मोजतो. आमचे दुःख एकट्याचे नव्हते आणि औषधही एकट्याचे नव्हते.

मोजणीच नको, असे म्हणणे हा मात्र अविचार ठरेल. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांच्या भाषेत बोलणे केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मोजले नसते तर हे कळले नसते. उलट २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्रच नव्हता.

आणि न मोजलेल्याची किंमत आमचाच जिल्हा देतो. १९ मार्च १९८६ रोजी शेजारच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह मृत्यू जवळ केला. पुढे मरणाचीही ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी प्रकरणे झाली. सातबारा असेल, थकलेले कर्ज असेल तर पात्र. ज्याच्या नावे गुंठाभरही नाही त्या मजुराचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदींत शेतमजूर वेगळे मोजले जाऊ लागले ते २०१४ पासून. २०२२च्या नोंदीत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. रकाना उघडला तेव्हा कळले की त्यात माणसे जास्त होती.

मुलगी निघाली तेव्हा मी तिला दहावा प्रश्न लिहून दिला: गेल्या दोन आठवड्यांत कोणी तुमचा अपमान केला का? तिने वाचला आणि म्हणाली, “गुरुजी, हे वर कळवायला जागा नाही.” मग थोडे थांबून तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तिचे आडनाव मी विचारले नाही.