मुद्गल, जोर-बैठका आणि आजचे एचआयआयटी

हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजेच एचआयआयटी, आता जिममधून घराघरांत पोचले आहे. त्याच्यासोबत केटलबेल, बॅटल रोप, मेडिसिन बॉल, स्टील मेस अशी ‘फंक्शनल’ साधनेही आली. बडोद्यातील मराठी घरांना यातली बरीच साधने वेगळ्या नावाने ठाऊक आहेत. स्टील मेस म्हणजे गदेचेच नवे रूप. मुद्गल, करेल आणि जोर-बैठका तर आपल्या व्यायामशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. ही साधने वापरून एचआयआयटी कसे करता येईल आणि कुठे सांभाळावे, याची माहिती येथे दिली आहे.

बडोद्याची परंपरा

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात बडोदे हे व्यायामाचे मोठे केंद्र बनले. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तेथील प्रो. माणिकराव यांचे नाव दूरवर पोचले होते. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे माणिकरावांचेच शिष्य. द. चिं. मजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ही बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. मुद्गलांचा व्यायाम इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात युरोपात नेला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याच्या स्पर्धाही झाल्या.

एचआयआयटी म्हणजे काय

थोडा वेळ जोरदार श्रम, मग ठरावीक विश्रांती, पुन्हा श्रम, अशा फेऱ्या म्हणजे एचआयआयटी. श्रम चालू असताना दोन-चार शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये, इतपत दम लागावा. विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे. ती कमी पडली की पुढच्या फेरीत जोर राहत नाही आणि ठेवणही बिघडते.

‘फक्त ४ मिनिटांत तंदुरुस्ती’ या जाहिरातीचे मूळ जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे. त्यात २० सेकंद श्रम आणि १० सेकंद विश्रांती अशा ७ ते ८ फेऱ्या होत्या. मात्र व्यायाम करणारे तरुण आणि आधीपासून तयारीचे होते, तो व्यायामाच्या सायकलवर होता आणि पार थकून जाईपर्यंत होता. पन्नाशीत पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्याने हे प्रमाण उचलू नये.

कोणते साधन कशासाठी

- बैठका: मांड्या आणि दम. फेऱ्यांसाठी सर्वांत सोयीच्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून उठावे.
- जोर: छाती, खांदे, दंड. जमिनीवर जमत नसतील तर ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून काढावेत.
- हलके मुद्गल: खांदे, मनगटे आणि पकड. हे लयीत फिरवायचे असतात. वेग वाढवण्याच्या नादात हात सुटतो, म्हणून घड्याळाशी शर्यत लावू नये. फ्लॅटमध्ये फिरवताना पंखा आणि आजूबाजूची मुले पाहावीत.
- जड करेल आणि गदा: जाणकाराच्या देखरेखीखालीच. दमलेल्या अवस्थेत फिरवू नयेत.

सुरुवातीचे प्रमाण

आधी ५ ते ७ मिनिटे चालून आणि सांधे फिरवून अंग तापवावे. मग बैठका, जोर, मुद्गल आणि जागेवर धावणे, प्रत्येकी २० सेकंद, आणि प्रत्येकानंतर ४० सेकंद विश्रांती. अशा दोन फेऱ्या ८ मिनिटांत होतात. शेवटी सावकाश चालावे. आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा. दोन-तीन आठवड्यांनी तिसरी फेरी घ्यावी. विश्रांती कमी करण्याचा विचार त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरदार श्रमाची ७५ ते १५० मिनिटे सुचवते. शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. म्हणजे रोजचे चालणे चालूच ठेवायचे आहे.

सावधगिरी

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन, गरोदरपण, पूर्वीची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. जोर काढताना श्वास कोंडून धरू नये. छातीत दुखले, चक्कर आली किंवा छाती धडधडून ठोके अनियमित वाटले तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

सवय नसताना एकदम शेकडो बैठका काढल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. अंग फार दुखून लघवी चहा-कोलासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरातील जुनी जोडी

अनेक घरांत आजोबांची मुद्गलांची जोडी माळ्यावर पडून असते. वापरण्याआधी लाकडाला चीर किंवा वाळवी नाही ना, मूठ घट्ट आहे ना, हे पाहावे. हात कसे फिरवायचे हे मात्र व्हिडिओ पाहून पुरते कळत नाही. खांद्याचा झोल आणि मनगटाची कलाटणी समोर उभ्या असलेल्या माणसाकडूनच शिकावी लागते. व्यायामशाळेत घडलेली ज्येष्ठ मंडळी आपल्यात आहेत तोवर घरातील मुलामुलींनी त्यांच्याकडून निदान चार हात शिकून घ्यावेत.