उंबरठ्यावरचा पाव

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला प्रथम भेटते ते व्याकरणाच्या संदर्भात. १८३६ साली त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले आणि पुढे 'मराठी भाषेचे पाणिनी' हे बिरुद त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. भाषेला नियम लावून देणारा हा गृहस्थ आपल्या काळातील समाजाचा सर्वांत कडक नियम मोडू पाहणाऱ्या एका गुप्त मंडळीचा प्रवर्तक होता, ही गोष्ट मात्र वाङ्मयेतिहासात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा ती हीच. तिच्यात येऊ इच्छिणाऱ्याला जातिभेद पाळणार नाही अशी प्रतिज्ञा करावी लागे. परंतु नुसत्या शब्दांवर मंडळीचा विश्वास नव्हता. नवागताला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. तेवढे केले की तो सभासद झाला.

एखादा समूह नव्या माणसाला आत घेताना त्याच्याकडून काय मागतो आणि त्याला काय देतो, या एका प्रश्नाच्या आधारे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सुधारणेचा इतिहास वाचता येईल का, असा विचार गेले काही दिवस मनात घोळतो आहे. संस्थांची ध्येये, त्यांचे ग्रंथ, त्यांचे पुढारी यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्यांच्या दाराविषयी क्वचितच बोलतो.

हे दार नव्याने बांधावे लागले, कारण जुन्या व्यवस्थेत ते नव्हतेच. जातीत माणूस जन्माने येतो, तेव्हा तिथे प्रवेशविधीची गरज पडत नाही. जातीबाहेर जाण्याची वाट मात्र होती, आणि बाहेर गेलेल्याला परत यायचे झाले की सारी व्यवस्था अडखळत असे. १८४३ सालचे श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण याचे उदाहरण आहे. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. न्यायालयाच्या निर्णयाने तो वडिलांकडे परत आला, पण मिशनऱ्यांचे अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत घ्यायचे की नाही, यावर मोठे रण माजले. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे अशी बाजू 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली, तेव्हा त्यांनाच सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. एका मुलाला त्याच्याच घरात परत घेण्यासाठी एवढा वाद होत असेल, तर परक्याला आत घेण्याची कल्पनाही त्या व्यवस्थेला शक्य नव्हती.

परमहंस सभेचा पाव या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. आज वडापावाच्या गाडीपाशी उभे राहून त्या पावाचे वजन कळणार नाही. पाव हा पोर्तुगीजांबरोबर आलेला पदार्थ. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकणात आणि वसई भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात होत्या. तो तुकडा तोंडात घालणे म्हणजे आईच्या स्वयंपाकघराकडे आणि पितरांच्या श्राद्धाकडे एका क्षणात पाठ फिरवणे होते. अशा नवागताच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा उरत नसे. परीक्षा म्हणून हा विधी चोख होता, हे मान्य करावे लागते.

पण परीक्षा उतरल्यावर त्या माणसाचे काय होई? बैठक संपली की तो आपल्या घरी जाई, सोवळे नेसून जेवायला बसे आणि काही घडलेच नाही अशा रीतीने जगत राही. सभेचे बळ पुरेसे वाढले की मग उघड व्हायचे, अशी योजना होती. तोवर सारे गुप्त. म्हणजे सभासदाने जे सर्वांत मोठे धाडस केले, ते त्याला कोणाला सांगता येत नव्हते. त्या धाडसाची किंमत चुकवायची वेळ आली, तर त्याच्या मागे उभे राहण्याचे सामर्थ्य सभेजवळ नव्हते. मुलीचे लग्न अडले, घरात मृत्यू झाला आणि खांदा द्यायला कोणी येईना, तर सभा काय करणार, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. बाहेरच्या कोणी तिच्यावर हल्ला करण्याचीही गरज पडली नाही. एक यादी पुरली.

बाबा पदमनजी हे काही काळ या सभेत होते. त्यांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. त्यांच्या धर्मांतराला अनेक कारणे होती, ती एका मुद्द्यात कोंबू नयेत. तरी एवढे म्हणता येईल की, ज्याला चोरून पाव खाण्यापेक्षा उघडपणे काही जगायचे होते, त्याला परमहंस सभेच्या आत फार काळ राहण्यासारखे काही नव्हते.

सभा मोडल्यानंतर सात वर्षांनी, १८६७ मध्ये, मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. स्थापन करणाऱ्यांत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग अग्रभागी होते. थोरल्या भावाच्या प्रयोगाचा शेवट त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेला होता. नव्या समाजाने प्रवेशासाठी जातित्यागाची अट घातली नाही. एकेश्वरावर श्रद्धा, मूर्तिपूजेला विरोध, सामुदायिक उपासना एवढ्यावर माणूस आत येऊ शकत होता. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे त्यामुळेच तिथे रमली, आणि समाज टिकला. मात्र उंबरठा सखल केल्याची किंमत पुढे दिसली. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्राने छापली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे हे दोघेही त्या यादीत होते. रानड्यांनी पुढे मित्रांच्या अडचणीखातर प्रायश्चित्त घेतले. त्यामागची घालमेल रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळते. तीस वर्षांनी पुन्हा तेच अन्न, तीच यादी. प्रार्थना समाजाने आपल्या सभासदाकडून पाव खाण्याची अपेक्षा केली नव्हती. त्यामुळे चहा पिण्याची वेळ आली तेव्हा त्याचा निर्णय त्याला एकट्यालाच करावा लागला.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा त्यांनी निवडलेली रीत या दोहोंहून निराळी होती. सभासद होणारा बेलभंडार उचलून शपथ घेई. खंडोबाचा भंडारा बहुजनांच्या घरातला. त्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे कोणाला शिकवावे लागत नव्हते. त्या काळच्या राजकीय सावधगिरीने शपथेत इंग्रज सरकारशी एकनिष्ठ राहण्याचेही कलम होते, आणि ते आज खटकते. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या समाजाने देवाचा भंडारा उचलावा, ही विसंगतीही नाकारता येणार नाही. पण नवागताच्या बाजूने पाहिले तर इथे काही वेगळे घडते आहे. त्याला घृणा वाटेल असे काही गिळायला लावून त्याचे पूर्वायुष्य पुसले जात नाही. त्याला आधीच पवित्र वाटणाऱ्या खुणेवर नवा अर्थ चढवला जातो. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत आणि लेकराला पित्याकडे जायला मध्यस्थ लागत नाही, हा तो अर्थ.

शिवाय शपथ ही इथे सुरुवात होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीविना पहिला सत्यशोधक विवाह लागला. परमहंस सभासदाला जी भीती खात होती, की लग्न अडले तर काय, तिला समाजाने थेट उत्तर दिले: लग्न आम्ही लावू. पुरोहितांनी हक्कासाठी कोर्टाची पायरी चढली, तेव्हा समाजाची माणसे लढायला उभी राहिली. दर आठवड्याच्या सभा, गरीब विद्यार्थ्यांना मदत, वार्षिक समारंभाची छापील हकिकत असे सारे उघड चालले. १८७६ मध्ये पुण्याच्या समाजाचे ३१६ सभासद होते. ही यादी चोरून कोणाला काही मिळणार नव्हते.

या साऱ्या अनुभवाचा सर्वांत नेमका विचार मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सापडतो. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. संघाविषयीच्या विवेचनात ते एक उणीव दाखवतात. भिक्षू होऊ इच्छिणाऱ्याला संघदीक्षा होती, परंतु गृहस्थ राहून धम्म स्वीकारणाऱ्यासाठी स्वतंत्र दीक्षाविधी नव्हता. त्यामुळे उपासक आज इकडे, उद्या तिकडे, किंवा एकाच वेळी दोन्हीकडे राहू शकला. भारतात बौद्ध धर्माचा ऱ्हास होण्याच्या कारणांमध्ये ते या उणिवेची गणना करतात. सामान्य माणसाला आत घेण्याचा विधी नसणे हे एका महान धर्माच्या पडझडीचे कारण ठरू शकते, असे म्हणणारा इतिहासकार विरळा.

आणि ही उणीव त्यांनी स्वतः भरून काढली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी व माईसाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले. त्यानंतर समोरच्या लाखो स्त्री-पुरुषांना स्वतः बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. या प्रतिज्ञांची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभी नकार आहेत: जुनी दैवते मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही. मग समता, अष्टांगिक मार्ग, पारमिता, प्राणिमात्रांवर दया, चोरी-खोटे-मद्य यांपासून दूर राहणे. शेवटी नवा जन्म झाल्याची भावना. परमहंस सभेचा पाव फक्त 'काय सोडले' हे सांगत होता. इथे सोडण्याबरोबर उद्या सकाळी उठून काय करायचे हेही हातात दिले आहे. पहिल्या दिवशी पोहोचू न शकलेल्यांसाठी १५ तारखेला पुन्हा दीक्षा झाली, १६ तारखेला चंद्रपुरात. आणि दीक्षा देण्याचा अधिकार भिक्षूंपुरता न ठेवता प्रत्येक बौद्धाला देण्यात आला. कालचा नवागत आज दुसऱ्याला आत घेऊ शकत होता.

याची कसोटी दोनच महिन्यांत लागली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी, त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायाला दीक्षा दिली. दार बांधणारा माणूस नव्हता, आणि दार उघडे होते.

परमहंस सभेला हसावे असा या तुलनेचा हेतू नाही. मूठभर सुशिक्षित तरुण, पाठीशी कोणी नाही, समोर सारी जात. त्यांनी निदान एक घास खाऊन पाहिला. पंचहौदच्या चहाला जे धैर्य कमी पडले, ते चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्यापाशी होते. पण नवागताच्या धैर्याची परीक्षा घेणे आणि ते धैर्य टिकेल अशी सोबत त्याला देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम एका संध्याकाळी होते. दुसऱ्यासाठी लग्ने लावावी लागतात, मयताला जावे लागते, कोर्टात उभे राहावे लागते आणि उशिरा आलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडव घालावा लागतो. दादोबांचे व्याकरण शिकवताना त्यांच्या या अर्धवट राहिलेल्या कामाचा उल्लेख विद्यार्थ्यांपुढे व्हावा, एवढेच सुचवायचे आहे.